मूळ फुटावे की कोंब?

गुलाबाची काडी ओल्या मातीत खोचली की काही आठवड्यांत तिला खालून मुळे आणि वरून कोंब फुटतात. हे आपण इतक्यांदा पाहिलेले असते की त्याचे नवल वाटेनासे होते. पण त्याच काडीच्या गाभ्यातून खसखशीच्या दाण्याएवढा तुकडा काढून तो मातीत टाकला, तर दुसऱ्या दिवशी त्याचा मागमूसही उरणार नाही. काडीत असे काय होते, की जे त्या कणात नव्हते? अन्नपाणी म्हणावे, तर तेही त्या कणाला बाहेरून पुरविता येते. मग मुळे फुटण्याची आणि कोंब धरण्याची आज्ञा काडीतील पेशींना कोण देते, आणि ती आज्ञा आपल्याला बाहेरून देता येईल काय? ह्या एका प्रश्नाचा पाठपुरावा करण्यात वनस्पतिशास्त्रज्ञांची निम्मी शतकभर हयात गेली. आज जळगावकडील केळीच्या बागेत किंवा बेळगावकडील उसाच्या मळ्यात प्रयोगशाळेतील रोपे लावली जातात, ती ह्या पाठपुराव्याची फळे होत.

प्रश्न पहिल्यांदा नेमकेपणाने मांडला तो गॉटलीप हाबरलांट ह्या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने, १९०२ साली. पानातील सुट्या पेशी त्याने क्षार व साखर ह्यांच्या द्रावणात ठेवल्या. त्या आठवडेच्या आठवडे जगल्या, फुगल्या, त्यांनी पिष्टही साठविले. परंतु एकीच्या दोन काही झाल्या नाहीत. हाबरलांटचा प्रयोग फसला, असेच म्हणावे लागेल. तरी त्याच निबंधात त्याने दोन गोष्टी लिहून ठेवल्या. एक अशी, की प्रत्येक पेशीच्या अंगी संपूर्ण झाड घडविण्याची क्षमता असली पाहिजे. आणि दुसरी अशी, की पेशींना विभाजनाची चेतना देणारे एखादे द्रव्य असावे व ते मिळविण्यासाठी बीजाच्या गर्भकोशातील रस द्रावणात घालून पाहावा. ह्या दुसऱ्या सूचनेकडे पुढील चाळीस वर्षे कोणी फारसे लक्ष दिले नाही.

दरम्यान दुसऱ्या वाटेने एक द्रव्य हाती आले. १९२६ साली हॉलंडमधील उट्रेख्त येथे फ्रिट्स वेंट ह्या तरुणाने ओटच्या कोवळ्या अंकुरांची टोके कापून ती अगरच्या वडीवर ठेवली. आपल्या घरांत ज्याला चायना ग्रास म्हणतात व ज्याची थिजवलेली खीर मुले आवडीने खातात, तोच हा अगर. काही वेळाने टोके काढून टाकून नुसत्या वडीचा तुकडा टोक छाटलेल्या अंकुरावर ठेवला, तर अंकुर पुन्हा वाढू लागला. म्हणजे टोकातून काही तरी वडीत उतरले होते. ह्या द्रव्याला ऑक्झिन हे नाव मिळाले. त्याचे रासायनिक स्वरूप १९३४ मध्ये इंडोल ॲसेटिक आम्ल असे निश्चित झाले, आणि गंमत अशी की शास्त्रज्ञांनी ते झाडातून नव्हे, तर मानवी मूत्रातून वेगळे केले. कारण झाडात ते अत्यल्प असते.

ऑक्झिन हाती येताच ऊतिसंवर्धनाचे दार किलकिले झाले. १९३९ साली फ्रान्समध्ये गोतरे व नोबेकूर ह्या दोघांनी गाजराचे आणि अमेरिकेत फिलिप व्हाइट ह्याने तंबाखूचे तुकडे बाटलीत अखंड वाढत ठेवून दाखविले. तुकडे वाढले, म्हणजे काय झाले? त्यांचा एक गाठाळ, ओबडधोबड, फिकट गोळा झाला. कुदळ धरणाऱ्याच्या तळहाताला पडणाऱ्या घट्ट्यास संस्कृतात किण म्हणतात. झाडाच्या जखमेवर येणाऱ्या अशा पेशीसमूहालाही आपल्या शास्त्रीय परिभाषेत किण हेच नाव आहे. ह्या किणात मूळ नाही, खोड नाही, पान नाही. पेशी नुसत्या दुपटी-चौपटीने वाढत राहतात, जणू गवंडी भिंत बांधण्याऐवजी विटांचा ढीग रचीत बसला आहे.

आता नारळाकडे वळू. १९४१ साली फान ओव्हरबेक व त्याचे सहकारी धोत्र्याचे अगदी कोवळे गर्भ बाटलीत वाढविण्याच्या खटपटीत होते. सर्व अन्नद्रव्ये देऊनही ते गर्भ मरत. शेवटी त्यांनी द्रावणात नारळाचे पाणी घातले आणि गर्भ वाढीस लागले. इंग्रजी ग्रंथांत ह्याला नारळाचे दूध म्हटलेले आढळते. पण कोकणी व गोमंतकीय श्रोत्यांनी गैरसमज करून घेऊ नये, सोलकढीत घालतात तो हा रस नव्हे, हे आतले पाणीच. नारळाचे पाणी म्हणजे तरी काय? बीजातील गर्भाच्या पोषणासाठी गर्भकोशात साठलेला तो द्रव होय. हाबरलांटने १९०२ मध्ये सुचविले ते हेच. पुढे १९४८ मध्ये स्टूअर्ड व कॅपलिन ह्यांनी गाजराच्या तुकड्यांवर तेच पाणी वापरले तेव्हा तुकडे झपाट्याने वाढले. नारळाच्या पाण्यात असे कोणते तरी द्रव्य होते, की जे ऑक्झिनला पूरक होते. परंतु त्या पाण्यात शेकडो द्रव्ये असतात. त्यांतून एक हुडकून काढणे म्हणजे भाताच्या कोठारात हरवलेला मोती शोधण्यासारखे.

हे द्रव्य सापडले ते नारळात नव्हे आणि शोधकांनी योजिलेल्या मार्गानेही नव्हे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात फोल्के स्कूग हा स्वीडिश शास्त्रज्ञ तंबाखूच्या खोडातील भेंडावर काम करीत होता. (हाच स्कूग तरुणपणी १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये पंधराशे मीटर धावला होता, प्रयोगशाळेत लागणारी चिकाटी त्याने मैदानावरच कमावली असावी, असे मला आपले वाटते.) तंबाखूचे भेंड नुसत्या ऑक्झिनवर ठेवले तर पेशी फुगत, पण विभागत नसत. यीस्टचा अर्क घातला तर विभागत. अर्कातील क्रियाशील अंश प्यूरिन जातीचा, म्हणजे केंद्रकाम्लाशी नाते सांगणारा दिसत होता. तेव्हा स्कूगचा सहकारी कार्लोस मिलर ह्याने फडताळातील केंद्रकाम्लाची एक जुनी बाटली उचलली. ते हेरिंग माशाच्या शुक्रपेशींतून काढलेले डीएनए होते. ते घालताच तंबाखूच्या पेशी धडाधड विभागू लागल्या. मिलरने आनंदाने त्याच मालाच्या ताज्या बाटल्या मागविल्या, आणि त्यांचा काडीइतकाही उपयोग होईना! जुनी बाटली संपत आलेली आणि नवी निकामी. विचार करता करता त्यांच्या ध्यानात आले की जुना माल काळाने विघटित झालेला असावा. मग ताजे डीएनए आम्लयुक्त पाण्यात घालून वाफेच्या दाबाखाली उकळले आणि गुण पुन्हा प्रकट झाला. ह्या शिजविलेल्या द्रव्यातून १९५५ साली जे स्फटिक निघाले, त्यांस कायनेटिन असे नाव दिले. त्या वर्गातील द्रव्यांना पुढे सायटोकायनिने म्हणू लागले. झाडांत नैसर्गिकपणे आढळणारे पहिले सायटोकायनिन मक्याच्या कोवळ्या दाण्यांतून १९६३ च्या सुमारास हाती आले. मक्यावरून त्याचे नाव झिएटिन. नारळाच्या पाण्यातही ह्याच कुळातील द्रव्ये असल्याचे मागाहून सिद्ध झाले.

आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर मिळाले ते १९५७ साली, स्कूग व मिलर ह्यांच्या निबंधात. तंबाखू म्हणजे काय हे निपाणीकडील श्रोत्यांना सांगावयास नको. पण तंबाखूचा हा उपयोग त्यांनी पाहिला नसेल. स्कूग आणि मिलर ह्यांनी तंबाखूच्या किणाचे सारखे तुकडे केले व ते एकाच अन्नावर, परंतु ऑक्झिन आणि कायनेटिन ह्यांच्या निरनिराळ्या प्रमाणांवर ठेवले. ज्या बाटल्यांत ऑक्झिनच्या मानाने कायनेटिन फारच थोडे होते, त्यांतील तुकड्यांना मुळे फुटली. कायनेटिन वाढविले, तर त्याच किणाला कोंब आले, पाने आली. दोन्ही मधल्या प्रमाणात असता नुसता किण वाढत राहिला. मात्रा तरी केवढ्या? लिटरभर द्रावणात एकदोन मिलिग्रॅम आणि त्याहूनही कमी. खसखशीचे तीनचार दाणे मिळून एक मिलिग्रॅम भरतो, एवढे सांगितले म्हणजे कल्पना येईल. मूळ करणारे एक खास द्रव्य आणि कोंब करणारे दुसरे खास द्रव्य असावे, अशी तोवरची समजूत होती. निघाले ते असे, की दोन्ही द्रव्ये दोन्ही कामांत असतात आणि कौल लागतो तो त्यांच्या परस्पर प्रमाणावरून. आमटीत मीठ किती हे जसे चिंचेवाचून सांगता येत नाही, तसेच काहीसे.

ह्याच प्रयोगशाळेत तोशिओ मुराशिगे हा विद्यार्थी तंबाखूच्या पानाच्या अर्कात आणखी एखादे नवे वृद्धिद्रव्य मिळते का, हे पाहत होता. अर्क घातला की किण वाढे, हे खरे. पण शोधाअंती दिसले की ही करामत कोणा नव्या संजीवकाची नव्हे, तर मुख्यत्वे अर्कातील साध्या क्षारांची आहे. बाटलीतील अन्नच आजवर अपुरे होते. तेव्हा त्याने क्षारांचे प्रमाण नव्याने बसविले. १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेली मुराशिगे आणि स्कूग ह्यांची ही पाककृती आज जगातील बहुतेक ऊतिसंवर्धन प्रयोगशाळांत वापरली जाते: नत्र, पालाश इत्यादी क्षार, थोडी जीवनसत्त्वे, लिटरमागे तीस ग्रॅम साखर, आणि घट्टपणासाठी अगर. नवे द्रव्य शोधावयास गेलेल्या माणसाला ते मिळाले नाही, पण त्याच्या हातून जे घडले ते त्याहून अधिक उपयोगी ठरले.

स्कूग व मिलर ह्यांचा नियम खरा असल्याची साक्ष निसर्गानेही दिली, आणि तीही एका रोगाच्या रूपाने. एक जिवाणू झाडाच्या जखमेत शिरून तेथे कर्करोगासारखी गाठ उत्पन्न करतो. व्हाइट व ब्रॉन ह्यांनी १९४२ मध्ये दाखविले की जिवाणू पूर्णपणे काढून टाकल्यावरही ही गाठ बाटलीत वाढत राहते, आणि तिला ऑक्झिन पुरवावे लागत नाही. ह्याचा उलगडा पुढे १९७७ पासून झाला. तो जिवाणू आपल्या आनुवंशिक द्रव्याचा एक तुकडाच झाडाच्या पेशीत घुसवितो, आणि त्या तुकड्यात ऑक्झिन व सायटोकायनिन तयार करण्याच्या आज्ञा असतात. ह्यांतील ऑक्झिनची आज्ञा बिघडविली तर गाठीतून कोंब येऊ लागतात. सायटोकायनिनची बिघडविली तर मुळे. १९५७ सालचा बाटलीतला प्रयोग जिवाणू युगानुयुगे करीतच आला होता, असे म्हणण्यास हरकत नाही.

मात्र इतके ऐकून कोणाचा असा समज होऊ नये, की आता कोणत्याही झाडाचा कोणताही तुकडा घ्यावा, योग्य प्रमाण मोजावे आणि रोप काढावे. तंबाखू हे फार गुणी पोर आहे. भात, गहू, तूर, आंबा ही तशी नाहीत. एकाच झाडाचे कोवळे पान प्रतिसाद देते, तर जून पान तेच द्रावण पिऊन काळे पडते. प्रतिसाद केवळ द्रव्यावर अवलंबून नसून घेणाऱ्या पेशीच्या तयारीवरही असतो. गाजराचेच पाहा. टू-फोर-डी हे ऑक्झिनच्या जातीचे कृत्रिम द्रव्य शेतकऱ्यांना तणनाशक म्हणून ठाऊक आहे. मोठ्या मात्रेत ते रुंद पानांच्या तणांची वाढ इतकी बेताल करते की ते मरून जाते. ह्याच द्रव्याच्या अल्प मात्रेत गाजराच्या पेशी ठेवल्या, तर त्यांचे लहान लहान पुंजके होतात. पुंजक्यांच्या ठायी गर्भ बनण्याची सिद्धता आलेली असते, पण ते पुढे सरकत नाहीत. त्यांना टू-फोर-डी नसलेल्या द्रावणात हलवावे, की बीजातील गर्भासारखे हुबेहूब गर्भ तयार होतात, त्यांना एकीकडे मूळ व दुसरीकडे कोंब येतो. म्हणजे जे द्रव्य गर्भाची सुरुवात करविते तेच पुढे त्याची वाट अडविते. देणे जितके महत्त्वाचे, तितकेच योग्य वेळी काढून घेणेही.

असे का घडते, ह्याचे उत्तर अलीकडे पेशीच्या आतून मिळू लागले आहे. सायटोकायनिन ओळखणारे पेशीतील प्रथिन २००१ मध्ये, आणि ऑक्झिन ओळखणारे २००५ मध्ये निश्चित झाले. पेशीतील पुष्कळशा जनुकांवर एरवी पहारेकरी प्रथिने बसलेली असतात. ऑक्झिन एखाद्या डिंकाप्रमाणे ह्या पहारेकऱ्याला त्याच्या मारेकऱ्याशी चिकटवून देते. पहारेकरी नाहीसा होतो आणि जनुके बोलू लागतात. पण कोणत्या पेशीत कोणते पहारेकरी आहेत आणि त्यांच्यामागे कोणती दारे उघडण्याजोगी आहेत, हे त्या पेशीच्या पूर्वेतिहासावर ठरते. एकच हाक, पण घराघरांतून निरनिराळी माणसे बाहेर येतात.

हे सारे शेतकऱ्याच्या पदराशी कोठे येऊन भिडते, ते आता सांगतो. केळीला बी नसते, लागवड मुनव्यांवर. चांगल्या झाडाच्या मुनव्याचा शेंडा घेऊन तो बेंझिल ॲडेनीन ह्या सायटोकायनिनच्या द्रावणावर ठेवला, तर एकाच्या शेजारी अनेक कोंब येतात. दर तीनचार आठवड्यांनी ते विलग करून नव्या बाटलीत लावावेत. पुरेसे झाले म्हणजे सायटोकायनिन बंद करून ऑक्झिनवर मुळे काढवावीत, मग सावलीगृहात हवापाण्याची सवय लावून रोपे शेतात द्यावीत. एकाच वेळी लावलेली आणि जवळजवळ एकाच वेळी घडावर येणारी बाग ह्यामुळे शक्य झाली. खानदेशात, तसेच गुजरातेत वडोदरा-भडोच भागात ग्रँड नैन जात पसरली ती ह्या रोपांच्या जोरावर. परंतु येथेच मोह उभा राहतो. सायटोकायनिन थोडे वाढविले की बाटलीमागे कोंब अधिक येतात. मूळ शेंडा बदलण्याऐवजी त्याच वंशाच्या बाटल्या पुढे पुढे वाटत राहिले की खर्चही वाचतो. ह्याची किंमत कालांतराने दिसते. कोंब काचेसारखे पाणीदार होतात, खुजे राहतात. आणि दीर्घकाळ चाललेल्या विभाजनात काही रोपांचा आनुवंशिक गुणच पालटतो. अशी रोपे लहानपणी ओळखू येत नाहीत. शेतकऱ्याने खत, पाणी, मजुरी सारे ओतल्यावर कित्येक महिन्यांनी बागेत ठेंगणे झाड, चट्ट्यापट्ट्यांची पाने किंवा वेडावाकडा घड दिसतो. म्हणूनच जाणत्या प्रयोगशाळा ठराविक फेऱ्यांनंतर जुना वंश टाकून देतात आणि नव्या शेंड्यापासून आरंभ करतात. आणखी एक. वृद्धिद्रव्ये विषाणू मारीत नाहीत. मातृवृक्षाला पर्णगुच्छासारखा विषाणुरोग असेल, तर त्या रोगाच्याही हजारो प्रती निघतात. तेव्हा रोपे घेताना मातृवृक्षाची विषाणुतपासणी झाली आहे काय आणि वंश किती फेऱ्या फिरला आहे, हे दोन प्रश्न विचारण्यास कोणी संकोच करू नये.

गुण पालटतो तो दर वेळी वाईटाकडेच पालटतो, असे मात्र नाही. 'कोसी ६७१' ह्या उसाच्या जातीच्या किणापासून निघालेल्या, मूळ जातीहून वेगळ्या रोपांतून निवड करूनच 'को ९४०१२', म्हणजे 'फुले सावित्री' ही जात पुढे आली. फरक एवढाच, की तेथे बदल शोधण्यासाठी किण वाढविला होता. केळीच्या रोपवाटिकेत बदल नको असतो.

ह्या द्रव्यांचा सर्वांत विस्मयकारक प्रतिसाद मात्र आपल्या पुण्यातच पाहावयास मिळाला. काटेरी बांबू आयुष्यात एकदाच, तीसचाळीस वर्षांनी फुलतो आणि मरतो. त्यामुळे बांबूचा संकर करू पाहणाऱ्या माणसाला एका पिढीसाठी आपले अर्धे आयुष्य थांबावे लागते. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत नाडगौडा, परशरामी आणि मस्करेन्हस ह्यांनी बांबूची कोवळी रोपे नारळाचे पाणी व बेंझिल ॲडेनीन घातलेल्या द्रावणावर वाढविली, आणि ती रोपे काही महिन्यांतच, बाटलीतल्या बाटलीत फुलली; त्यांना बीही धरले. १९९० मध्ये 'नेचर' नियतकालिकात हा निबंध प्रसिद्ध झाला तेव्हा जगभर त्याची चर्चा झाली. बांबू वर्षे कशी मोजतो, हे त्याने उलगडले नाही. पण ती मोजणी मध्येच ओलांडता येते, एवढे निश्चित झाले.

आणि ज्या नारळाच्या पाण्याने इतरांची गर्भावस्था सांभाळली, त्या नारळाचे काय? माडाला फांद्या नाहीत, मुनवे नाहीत. एखादा माड भरघोस धरणारा निघाला तरी त्याची हुबेहूब प्रत काढण्याचा घरगुती उपाय बागायतदाराजवळ नाही. म्हणून ऊतिसंवर्धनाची खरी गरज माडाला. पण माड ह्या बाबतीत कमालीचा हट्टी आहे. अंकुराचा कोवळा गाभा काढून त्यावर टू-फोर-डीची मोठी मात्रा आणि विषारी स्राव शोषण्यासाठी कोळशाची पूड घातली, तर सावकाश किण येतो, त्यातून काही गर्भ निघतात, त्यांतील थोडे रोपावस्थेस पोचतात. आणि एका नारळाचे तंत्र दुसऱ्याला लागू पडेलच असे नाही. निरनिराळ्या देशांत ह्यावर काम चालू आहे, अलीकडे काही यशही आले आहे. तोवर गोव्यातील आणि कोकणातील बागायतदार आपल्या वडिलांप्रमाणेच चांगल्या माडाचा नारळ निवडून वाफ्यात आडवा पुरतो आणि कोंब वर येण्याची वाट पाहतो.